काकूंच्या डीटीपी लॅपटॉपला नवी डिस्क : कामाच्या नोंदी

रविवार, १० ऑगस्ट २०२५

काम असं आहे. सदाशिव पेठेतल्या काकू घरून डीटीपी करतात, लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंकांची पानं, आणि हे सगळं २०१३ च्या एका १५.६ इंची लॅपटॉपवर चालतं. त्याची हार्ड डिस्क आता जायला लागलीये. फाइल सेव्ह करताना अडकतो, मधेच टक टक आवाज येतो, काल तर एका अंकाची फाइल उघडेचना. काकूंना वाटलं व्हायरस आहे. फोनवर आवाज ऐकवला त्यांनी, मी म्हटलं काकू, आत्ताच्या आत्ता बंद करा आणि मी येईपर्यंत चालू करू नका. अशी डिस्क जितका वेळ फिरते तितकं आतलं नुकसान वाढू शकतं, आणि आत आहे ते वीस-बावीस वर्षांचं काम.

"नवीन लॅपटॉपच घ्या ना" हे त्यांना सगळे सांगून झालेत. पण मशीनवर ३२ बिट विंडोज ७ आहे, त्यावर पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टच्या श्रीलिपीची जुनी कॉपी, डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून जोडायचं छोटं यंत्र) लावून चालणारी. जुन्या फाइल्समधलं मराठी युनिकोड नाहीये, प्रत्येक अक्षर त्या फॉन्टच्या स्वतःच्या कोडमध्ये बसवलंय, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. युनिकोडला नेता येतं सगळं, पण ते बसून तपासत करायचं काम आहे आणि अंक तोंडावर असताना ते काढणं शक्य नाही. म्हणून ठरवलं की मशीन तेच, विंडोज तेच, डिस्क फक्त बदलायची, आणि आहे तसंच्या तसं सगळं नव्या डिस्कवर यायला हवं.

काकूंचा भाचा म्हणाला की सोबत रॅम पण ४ ची ८ जीबी कर. ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, त्यामुळे तो खर्च बाद. सगळे पैसे डिस्कमध्ये.

सोमवार, ११ ऑगस्ट

ऑफिसनंतर काकूंकडे. विंडोज चालूच केलं नाही, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं आणि आधी डिस्कचं स्मार्ट बघितलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. सगळे आकडे बघायची गरज नसते, तीन-चार बघितले की चित्र स्पष्ट होतं. पाचवा नंबर, म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), तो हजाराच्या पुढे. १९७ वा, म्हणजे वाचता येत नाहीयेत आणि अजून निकाल लागायचाय असे, तो तीनशेच्या वर. पण १९९ वा शून्य. तो केबल किंवा कनेक्टरमध्ये डेटा बिघडला तर वाढतो, शून्य आहे म्हणजे लॅपटॉपच्या आतली जोडणी ठीक आहे आणि दोष डिस्कचाच आहे. हे बघायचं राहिलं तर नवी डिस्क बसवूनही तोच त्रास चालू राहायची शक्यता असते, आणि माणूस नव्या डिस्कला नावं ठेवत बसतो.

डिस्क २१ हजार तासांच्या वर चालली आहे. चांगली चालली म्हणायची.

चेकडिस्क चालवायचं नाही हे काकूंना दोनदा सांगितलं कारण विंडोज सुरू होताना स्वतःहून विचारतं आणि माणूस हो म्हणून बसतो. चेकडिस्क फाइल सिस्टिम दुरुस्त करायला बघतं, म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर अजून लिहितं, आणि वाचता न आलेली फाइल अर्धवट कापून टाकू शकतं. आधी कॉपी, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीसुद्धा कॉपीवर.

माझी १ टीबीची बाहेरची डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावली (निळा म्हणजे यूएसबी ३, दुसऱ्या पोर्टवर हेच काम काही पट वेळ खाईल). तिचा फॉरमॅट आधी बघितला, फॅट ३२ असता तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही आणि आपली इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली जशीच्या तशी प्रत) ५०० जीबीची. डीडीरेस्क्यू लावलं, खराब डिस्कवरून कॉपी काढायचा प्रोग्रॅम. हे मला फार आवडतं कारण ते आधी जे सहज वाचलं जातंय ते उचलतं, अडलं की ती जागा सोडून पुढे जातं, आणि कुठे अडलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे वीज गेली किंवा डिस्क मधेच थांबली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. साधं कॉपी-पेस्ट पहिल्याच खराब फाइलवर डोकं आपटत बसलं असतं. चांगली डिस्क असती तर ५०० जीबीला दोन-अडीच तास पुरतात, ही रात्रभर चालणार. लॅपटॉप टेबलावर सपाट, खालून पंख्याचा वारा, आणि काकूंना सांगितलं की आवाज आला तरी हलवू नका.

मंगळवार, १२ ऑगस्ट

सकाळी काकूंनी स्क्रीनचा फोटो पाठवला. काहीशे केबी सोडून बाकी सगळं आलंय! संध्याकाळी जाऊन उलट्या दिशेने आणखी एक फेरी मारली, त्यात अजून थोडं सुटलं. राहिलं ते राहू दे, आता या डिस्कला जास्त पिळण्यात अर्थ नाही. इमेज आणि नकाशा दोन्ही माझ्याकडे. इथून पुढे डिस्क निवडायचं काम शांतपणे करता येईल.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज मशीन उघडलं. ही नोंद मोठी होणार आहे कारण डिस्क चुकते ती बहुतेक वेळा इथे, दुकानात जायच्या आधीच.

नेटवर लॅपटॉपचं मॉडेल टाकलं की "तुमच्या मॉडेलला चालणारी डिस्क" म्हणून याद्या येतात. मला त्या पटत नाहीत. एकाच मॉडेल नावाखाली कंपन्या वेगवेगळे भाग बसवतात, आणि बारा वर्षांत मधे कोणी काय बदललंय हे यादीला कसं कळणार. मशीन पुढ्यात आहे तर ते उघडून मोजावं, दहा मिनिटांचं काम आहे.

बॅटरी काढली, चार्जर काढलेला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेला चार्ज उतरतो. खालचं झाकण, मग डिस्कची धातूची चौकट, तिचे स्क्रू, आणि डिस्क बाजूला सरकवून कनेक्टरमधून बाहेर. वर उचलायची नाही, कनेक्टर मोडतो.

बाबांची भोसरीच्या वर्कशॉपमधली व्हर्नियर आणली होती. जाडी ९.५ मिमी. लॅपटॉपच्या डिस्कला सगळे अडीच इंची म्हणतात, रुंदी ७० मिमीला अगदी किंचित कमी आणि लांबी १०० मिमीच्या आसपास, हे सगळ्यांचं सारखंच असतं, फरक पडतो तो जाडीत. ७ मिमी, ९.५ मिमी, १२.५ मिमी, १५ मिमी अशा सगळ्या अडीच इंचीच. ९.५ च्या जागेत ७ ची बसते, उलटं नाही होत. बारीक लॅपटॉपमध्ये फक्त ७ मिमीची जागा असते आणि तिथे ९.५ ची आणली तर झाकण लागत नाही, जोर करून लावलं तर डिस्कवर दाब. मोठ्या क्षमतेच्या काही अडीच इंची डिस्क १५ मिमीच्या असतात, त्या बाहेरून लावायच्या डब्यातच शोभतात. त्या डब्यांवरून आठवलं, पोर्टेबल डिस्क स्वस्त मिळाली म्हणून ती फोडून आतली डिस्क लॅपटॉपमध्ये घालायची हा उद्योग काही लोक करतात, पण त्यातल्या बऱ्याच डिस्कच्या सर्किटवर थेट यूएसबीचं तोंड असतं, साटाचं कनेक्टरच नसतं. डबा पण गेला, वॉरंटी पण गेली.

७ मिमीची बसवली तर वर अडीच मिमीची मोकळी जागा राहते. ज्या लॅपटॉपमध्ये डिस्क नुसती रबरी पट्ट्यांवर टेकवलेली असते तिथे ती हलू शकते, म्हणून अडीच मिमीची प्लॅस्टिकची चौकट मिळते ती वर चिकटवायची. इथे डिस्क बाजूच्या भोकांतून स्क्रूने घट्ट होते. बाजूची भोकं तळापासून ३ मिमीवर असतात, डिस्क ७ ची असो नाहीतर ९.५ ची, म्हणून कनेक्टरची उंची पण जुळते आणि चौकटीची गरज लागत नाही. स्क्रू एम३ चे, आखूड, ते एका डबीत वेगळे ठेवले. घरातला कुठलाही लांब स्क्रू तिथे पिळू नये, आतल्या सर्किटला लागतो.

आता कनेक्टर. एका ओळीत दोन तोंडं, एक ७ टोकांचं डेटाचं आणि एक १५ टोकांचं पॉवरचं, म्हणजे साटा. याच्याही आधीच्या लॅपटॉपमध्ये ४४ बारीक पिनांच्या दोन ओळी दिसतात, ती आयडीई, तिथे साटाची डिस्क थेट बसत नाही. साटाच्या तीन पिढ्या आहेत, दीड, तीन आणि सहा गिगाबिटच्या, आणि त्या एकमेकींशी जमवून घेतात, नवी डिस्क जुन्या पोर्टला लावली तर पोर्टच्या वेगाने चालते एवढंच. जुन्या डिस्कच्या लेबलवर तीन लिहिलंय. पण पोर्ट कितीचा आहे हे डिस्कच्या लेबलवरून कळत नाही, ते चिपसेटवरून (मदरबोर्डवरची मुख्य चिप) बघायचं. इथे इंटेलचा एचएम७६ आहे आणि त्याला सहा गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. वा! म्हणजे एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) घेतली तर तिचा पूर्ण वेग मिळायला हरकत नाही.

मदरबोर्डवर एम डॉट टूची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा शोधली, नाहीये. वायफायचं कार्ड बसलंय ती छोटी खाच वेगळी, तिला बघून फसू नये. म्हणजे पर्याय एकच, अडीच इंची साटा.

व्होल्टेजचं पण लिहून ठेवते. लॅपटॉपची डिस्क नुसत्या ५ व्होल्टवर चालते, साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्कला १२ व्होल्ट पण लागतात जे लॅपटॉपच्या कनेक्टरवर मिळत नाहीत. साटा साटाच आहे ना, बाहेर काढून वायरने जोडू, असं मागे एकाने मला विचारलं होतं, म्हणून लिहिलं.

शेवटी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्रॅम. साटा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची एक पद्धत) वर आहे, बूट जुन्या पद्धतीचं, डिस्कवरचं पार्टिशन एमबीआर (जागा वाटायची जुनी पद्धत). तिन्हीचा फोटो काढून ठेवला. बायोसची बॅटरी मेली किंवा कोणी सेटिंग रिसेट केलं आणि मोड बदलला तर विंडोज ७ निळा स्क्रीन दाखवून पडतं आणि दोष नव्या डिस्कवर जातो. एमबीआर आहे म्हणून दोन टीबीच्या वरची डिस्क घेऊन उपयोग नाही, वरची जागा दिसणारच नाही. तेवढी लागणार पण नाहीये म्हणा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी, म्हणून बसून निर्णय.

फिरणारी डिस्क की एसएसडी? काकूंचं म्हणणं, "अगं आधीचीच बारा वर्षं टिकली, तसलीच आण की." म्हणणं बरोबर आहे, त्यांना वेगापेक्षा खात्री हवी आहे. पण तसली आता मिळते कुठे. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्याच आता तीन उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, आणि लॅपटॉपच्या १-२ टीबीच्या ज्या अडीच इंची डिस्क बाजारात आहेत त्या बहुतेक एसएमआर पद्धतीच्या. त्यात लिहायचे पट्टे घराच्या छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक जागा बदलायची तर शेजारच्या पण परत लिहाव्या लागतात आणि छोट्या छोट्या फाइल्स सारख्या सेव्ह होत असतील तर डिस्क मधेच रेंगाळते. २०२० साली यावरून बराच गदारोळ झाला होता, त्यानंतर कंपन्यांनी कुठल्या मॉडेलमध्ये ही पद्धत आहे त्याच्या याद्या जाहीर केल्या. बॅकअप ठेवायला ती डिस्क उत्तम आहे, पण पेजमेकर दिवसभर चालवायला मी देणार नाही.

एसएसडीत फिरणारा भाग नाही, म्हणजे लॅपटॉप चालू असताना उचलून या खोलीतून त्या खोलीत नेला (काकू नेतात) तर वाचणारं डोकं आतल्या चकतीला घासायची भीती नाही. साटावरची चांगली एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, ही जुनी डिस्क तब्येत चांगली असताना शंभरच्या आत-बाहेर असेल. पण डीटीपीत खरा फरक त्या मोठ्या आकड्याचा नाही पडत. फॉन्टच्या शेकडो छोट्या फाइल्स, लिंक केलेले फोटो, हे इथून तिथून उचलायला डिस्कला दर वेळी हात फिरवावा लागतो, एसएसडीला नाही. तिथे काकूंचा दिवसातला खरा वेळ वाचेल.

पण एक गोष्ट मी काकूंना स्पष्ट सांगितली. फिरणारी डिस्क बऱ्याचदा कुरकुर करून जाते, ऐकू येतं, वेळ मिळतो. एसएसडी गेली तर एका क्षणात गप्प होऊ शकते. म्हणून एसएसडी घ्यायची तर बॅकअप डिस्क सोबत घ्यायचीच, दोन्ही मिळून एकच खरेदी समजायची. काकू लगेच हो म्हणाल्या, परवाचा धसका अजून आहे.

क्षमता. वापरलेली जागा तीनशे जीबीच्या थोडी वर, म्हणजे ४८० जीबीची घेतली तरी पुरेल असं वाटतं. पण आपल्याला आहे तशी इमेज उतरवायची आहे आणि ती सेक्टरच्या हिशोबात बसायला हवी. जुन्या ५०० जीबी डिस्कचे सेक्टर ९७,६७,७३,१६८. ४८० वाल्या एसएसडीचे ९३,७७,०३,०८८, म्हणजे कमी. पार्टिशन लहान करून बसवता येतं, मान्य, पण ज्या फाइल सिस्टिमला आधीच भोकं पडलीयेत तिला आवळायला मी जाणार नाही. ५०० जीबीची एसएसडी घेतली तर तिचे सेक्टर जुन्या डिस्कइतकेच भरतात, अगदी तोच आकडा, कारण क्षमतेवरून सेक्टर किती असावेत याचं एक सूत्र उद्योगाने ठरवून घेतलंय. ५१२ ची असेल तर थोडे जास्त, तेही चालेल. तर ५०० किंवा ५१२, त्याखाली नाही.

(विंडोजमध्ये ५०० ची डिस्क ४६५ दिसते त्यात कोणी जागा खाल्लेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. दुकानदाराशी यावरून भांडणारे लोक मी पाहिलेत.)

मंगळवार, १९ ऑगस्ट

तापकीर गल्ली, पावसात. गणपती आठवड्यावर आलेत, बुधवार पेठेत मांडवांचे सांगाडे उभे राहिलेत आणि सगळं जग माळा आणि लायटिंग घ्यायला लोटलंय, गाडी लांब लावून चालत गेले.

पहिल्या दुकानात मॉडेल सांगायच्या आतच, "ताई, एनव्हीएमई घ्या, फास्ट पण आहे आणि रेट पण जवळपास तोच." सांगितलं की मशीनला ती खाच नाहीये. "मग कन्व्हर्टर देतो ना." अडीच इंची साटाच्या डब्यात एम डॉट टू बसवायचा जो अडॉप्टर मिळतो तो साटावाल्या एम डॉट टूसाठी असतो, एनव्हीएमई ही वेगळी भाषा बोलते, पीसीआय एक्स्प्रेसची, ती त्या अडॉप्टरमध्ये दिसणारच नाही. दिसायला दोन्ही सारख्याच पट्ट्या, म्हणून हा घोळ इतका होतो. मुलगा चांगला होता, म्हणाला बरं झालं सांगितलंत, एक कस्टमर असंच परत घेऊन आला होता.

दुसरीकडे १ टीबीची एसएसडी, नाव कधी न ऐकलेलं, खोका नुसता पांढरा, किंमत अर्ध्याहून कमी. हातात घेतली नाही. असल्या मालात क्षमता खोटी दाखवलेली असू शकते, वरचे काही जीबी खरे आणि बाकी लिहिलं की हवेत, आणि कळतं कधी, तर सहा महिन्यांनी फाइल उघडत नाही तेव्हा. काकूंच्या कामाशी मी हा जुगार खेळणार नाही.

शेवटी सॅमसंगची ८७० इव्हो, ५०० जीबी. साटा सहा गिगाबिट, अडीच इंची, जाडी ७ मिमी. हिच्यात टीएलसी फ्लॅश आहे, म्हणजे एका पेशीत तीन बिट, स्वस्तातल्या काहींमध्ये क्यूएलसी असतं, चार बिट, त्याचं लिहिण्याचं आयुष्य आणि भरत आल्यावरचा वेग दोन्ही कमी. शिवाय हिच्यावर स्वतःची डीरॅम आहे, कुठे काय लिहिलंय त्याची नोंद हाताशी ठेवणारी जलद मेमरी. डीरॅम नसलेली एनव्हीएमई लॅपटॉपची थोडी रॅम उसनी घेऊन काम चालवू शकते, साटावाल्यांना ती सोय नाही, म्हणून साटा घेताना डीरॅम असलेली बघावी असं माझं मत. कंपनीने ३०० टीबी लिहिण्याची आणि ५ वर्षांची वॉरंटी दिलीये, यातलं जे आधी संपेल ते. काकूंनी रोज २० जीबी लिहिले (एवढे लिहीत नाहीत) तरी ३०० टीबीला चाळीस वर्षं लागतील. डीरॅम नसलेल्या चालू ब्रँडच्या एसएसडीपेक्षा पैसे जास्त गेले, पण ही रोजीरोटीची डिस्क आहे.

१८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला. खोक्यावरचा आणि डिस्कवरचा नंबर दुकानातच जुळवून बघितला. बॅकअपसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क पण घेतली. काकूंनी दिलेले पैसे पुरले.

बुधवार, २० ऑगस्ट

एसएसडी थेट लॅपटॉपच्या आत बसवली आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट. बाहेरून यूएसबी अडॉप्टरला लावून इमेज उतरवणं सोपं वाटतं, पण काही अडॉप्टर ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे म्हणून सांगतात, मग एमबीआरमधले सगळे पत्ते चुकतात आणि डिस्क आत घातल्यावर बूट होत नाही. थेट साटावर तो प्रश्नच नाही.

बसली व्यवस्थित. लिनक्सने लिंक ६ गिगाबिटला जोडल्याचं दाखवलं, चिपसेटचं बघितलं होतं ते खरं ठरलं. सेक्टर ९७,६७,७३,१६८, बरोब्बर. मग एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघितली, एकही बाइट इकडचा तिकडे नाही. ब्रँडेड मालाला एवढं कशाला असं कोणी म्हणेल, पण परत करायची वेळ आली तर ती पहिल्या आठवड्यात यावी, अंकाची पानं आत गेल्यावर नाही. भरलेली डिस्क नंतर पूर्ण डिस्कार्ड करून मोकळी केली, नाहीतर एसएसडीला वाटत राहतं की सगळी जागा वापरात आहे.

रात्री इमेज उतरवायला लावली.

गुरुवार, २१ ऑगस्ट

विंडोज चालू करायच्या आधी एक काम, आणि मला वाटतं हेच सगळ्यात मोलाचं. जे काहीशे केबी वाचता आले नाहीत ते नेमके कुठल्या फाइलमधले? हे बघितलं नाही तर काकूंना कळणार कधी, तर पुढच्या वर्षी एखादं पान उघडताना. डीडीरेस्क्यूत सोय आहे, नकाशातल्या वाचता न आलेल्या जागांमध्ये आपल्या पसंतीचा खुणेचा मजकूर भरता येतो. तो एसएसडीवर भरला (मूळ इमेजला हात नाही लावला), मग डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडून सगळ्या फाइल्समध्ये ती खूण शोधली.

बराच भाग विंडोजच्या पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची तात्पुरती फाइल) निघाला, तो गेला तरी चालतो, आणि काही ब्राउझरच्या साठवणीत. कामाच्या फक्त दोन फाइल्स. एक २०१७ च्या स्मरणिकेतला स्कॅन केलेला फोटो, आणि दुसरी तीच अंकाची फाइल जी उघडत नव्हती. फोटोची सीडी काकूंच्या कपाटात निघाली, वर्ष आणि संस्थेचं नाव घालून ठेवलेली. अंकाच्या पानांचं मुद्रितशोधनासाठी काढलेलं प्रिंट होतं आणि मजकूर आधीच्या आवृत्तीत होता, काकू म्हणाल्या उद्या सकाळी करून टाकते, त्यात काय. खुणेच्या जागी परत शून्य भरले.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

विंडोज पहिल्या झटक्यात उठलं. ॲक्टिव्हेशन शाबूत, कंपनीने बसवून दिलेलं विंडोज ७ आहे आणि त्याची खूण बायोसमध्ये असते, डिस्कमध्ये नाही. श्रीलिपीने डोंगल ओळखलं. पेजमेकर उघडलं, सगळे फॉन्ट यादीत, काकू खुर्ची ओढून बसल्या आणि लगेच एक पत्रिका उघडून बघितली, जोडाक्षरं, रफार, सगळं जागेवर. "अगं हे एवढं पटकन उघडतं?" मला फार बरं वाटलं.

आता चेकडिस्क चालवलं, आता चालतं कारण खालची डिस्क धडधाकट आहे. मग ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली हे एसएसडीला कळवणं) तपासलं, डिसेबल डिलीट नोटिफाय समोर ० आला म्हणजे ट्रिम चालू आहे (शून्य म्हणजे चालू, उलटं वाटतं पण तसंच आहे). डीफ्रॅगचं (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायचं, एसएसडीला नको असलेलं काम) वेळापत्रक बंद. पूर्ण इमेज उतरवल्यामुळे रिकामी जागासुद्धा लिहिली गेली होती, आणि विंडोज ७ ला सगळी रिकामी जागा एकदम ट्रिम करता येत नाही, म्हणून परत लिनक्समध्ये जाऊन एफएसट्रिम चालवलं. पार्टिशनची सुरुवात १ एमबीवर आहे, विंडोज ७ ने केलेलं असतं तेव्हा तशीच असते, म्हणजे सेक्टरांची रांग सरळ आहे. एक्सपीवरून आणलेली जुनी डिस्क असेल तर हे जरूर बघावं, तिथे रांग तिरपी असते आणि लिहिण्याचा वेग मार खातो.

वायफाय बंद करून टाकलं. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत. या मशीनला नेट नाही, पीडीएफ पेनड्राइव्हने दुसऱ्या लॅपटॉपवर आणि तिथून प्रेसला, काकूंनी कबूल केलंय.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला, डिस्क कुठली, कधी बसवली, बायोस मोड काय, स्क्रू कुठले. पुढे जो कोणी उघडेल त्याला व्हर्नियर शोधावी लागू नये.

रविवार, १४ सप्टेंबर

अंकाची पानं वेळेवर प्रेसला गेली. बॅकअप दर शुक्रवारी संध्याकाळी, काकू स्वतः करतात, केलं की डिस्क काढून कपाटात, लॅपटॉपला लावून ठेवायची नाही. मूळ इमेजची एक प्रत माझ्याकडे दिवाळीपर्यंत राहील. एसएसडीचं स्मार्ट बघितलं, हलवलेले सेक्टर शून्य, सीआरसीचे दोष (तोच १९९ वा आकडा) शून्य.

जुनी डिस्क अजून काकूंकडेच आहे, पिशवीत, वर "खराब" लिहून. ती भंगारवाल्याला द्यायची नाही, तिच्यात लोकांचे पत्ते, फोन नंबर, संस्थांचे हिशोब आहेत. नीट पुसली जाईल अशी तिची अवस्था नाहीये, खराब सेक्टरमधलं पुसलं जातंच असं नाही, म्हणून अंक बाहेर आला की आतल्या चकत्या मोडायच्या आणि मग ई-कचरा म्हणून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे.

काकूंच्या मैत्रिणीला पण आता डिस्क बदलून हवी आहे, लॅपटॉप २०१८ चा, त्यांनी ऑनलाइन एक एम डॉट टू बघून पण ठेवलीये. फोन करून थांबवलंय. त्यात खाच असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची, आणि ८० मिमी लांबीची बसते की ४२ चीच, हे झाकण उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. खालच्या लेबलचा आणि झाकण काढून आतल्या खाचेचा फोटो मागितलाय, तोवर काही घेऊ नका म्हटलं.